ग्राफिक्स कार्डाची खातेफोड

आज सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "तुमचा कॉम्प्युटर तलाठीकाकांनी नीट करून दिला म्हणे! बरं झालं, किती दिवस अडला होता." लिफ्टमध्ये आणखी तिघं होते. तिघांनीही माझ्याकडे मायेने पाहिलं. बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हेच काका व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कसा पाठवायचा हे विचारायला दर आठवड्याला माझ्याकडे येतात.

प्रकरण थोडक्यात असं. माझ्या मशीनवर लिनक्स. बायको इंटिरिअर डिझायनर, तिचं थ्रीडीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. दर वेळी लिनक्स बंद करा, विंडोज चालू करा, ही कटकट नको म्हणून मी ठरवलं की लिनक्सच्याच पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर, करायचं, त्यात विंडोज ठेवायचं आणि मोठं कार्ड थेट त्याच्या हवाली करायचं. याला पासथ्रू म्हणतात. लिनक्सपुरतं जुनं छोटं कार्ड होतंच. "नुसतं विंडोज टाक ना," असं बायको पहिल्या दिवशी म्हणाली होती. नंतर एकदाही म्हणाली नाही, आणि तेच जास्त लागत होतं.

तिसऱ्या रात्री साडेनऊला काका लाइट बिलाची प्रिंट काढायला आले. पडद्यावर तोच लाल मजकूर होता, तीन रात्री पाठ झालेला. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो मोठ्याने वाचला. "ग्रुप फोर्टीन इज नॉट व्हायेबल. म्हणजे गट नंबर चौदा? कुठल्या शिवारातला?"

काका शिरूर-दौंड पट्ट्यात तीस वर्षं तलाठी होते. मी त्यांना टाळायचं म्हणून घाईघाईने सांगितलं, की मशीनमध्ये आयओएमएमयू नावाचा राखणदार असतो. कुठल्या उपकरणाने मेमरीत कुठवर हात घालायचा ते तो बघतो. जी उपकरणं त्याच्या नजरेआड आपापसांत बोलू शकतात ती तो एकाच गटात धरतो. व्हर्च्युअल मशीनला द्यायचा तर अख्खा गट द्यायचा, सुटं कार्ड देता येत नाही.

"सामाईक सातबारा," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्याच क्षणी प्रिंट काढून हातात द्यायला हवी होती.

"सहहिस्सेदार कोण कोण?"

मी यादी वाचली. कार्ड, कार्डावरचाच आवाजाचा भाग, हार्डडिस्कचा कंट्रोलर, यूएसबी आणि नेटवर्क.

"पाच नावं! आणि तुम्ही एकट्याच्या सहीवर व्यवहार करायला निघालात?"

"आवाजाचा भाग तर कार्डाचाच आहे, काका."

"तो वारस. तो जाईल बरोबर. बाकीच्या तिघांचं बोला."

"डिस्कचा कंट्रोलर दिला तर लिनक्स ज्या डिस्कवर उभं आहे तीच जाते."

"म्हणजे घर विकून अंगणात झोपायचं." मग स्वयंपाकघराकडे बघून, "वहिनी, साखर कमी."

चहा मी विचारलाही नव्हता.

मी म्हणालो, एक वाट आहे. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, एसीएस ओव्हरराइड नावाचं ठिगळ लावलं की गट वेगळे दिसायला लागतात.

"मोजणी झाली?"

"नाही."

"बांध घातला?"

"नाही. बांध आहे असं समज, एवढंच कर्नलला सांगायचं."

काकांनी कप खाली ठेवला. "कागदावर फोड आणि जमिनीवर एकच वावर. असल्या नोंदींनी माझी अर्धी नोकरी खाल्ली हो."

आणि हेच खरं दुखणं आहे, कारण त्या ठिगळावरचा आक्षेप नेमका हाच आहे. गट वेगळे दिसतात, पण उपकरणं आतून पूर्वीसारखीच एकमेकांशी बोलू शकतात. म्हणूनच ते मूळ कर्नलमध्ये कधी घेतलेलं नाही. मला हे समजायला दोन रात्री आणि एक आजारपणाची रजा लागली होती. काकांना अर्धा कप चहा लागला.

पुढचा पाऊण तास १९४७ चा तुकडेबंदी कायदा. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर कसे आले, कुणाची चार गुंठे विहीर कुणाच्या गटात गेली, आणि त्यावरून दोन भाऊ कसे आयुष्यभर एका पंगतीला बसले नाहीत. मी मान डोलावत होतो आणि मनातल्या मनात मदरबोर्डवाल्यांना शिव्या देत होतो. खोक्यावर ड्रॅगन छापतात, सात रंगांचे दिवे लावतात, पण गट कसे पडलेत याचा खोक्यावर एक शब्द नाही. सातबारा निदान ऑनलाइन दिसतो. इथे आधी बोर्ड विकत घ्या, घरी आणून जोडा आणि मग बघा नशिबात काय आलंय ते. कार्डवाले त्याहून थोर. माझं आधीचं कार्ड व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत असा नुसता वास आला तरी 'कोड ४३' म्हणून संप करायचं. मग आपणच विंडोजशी खोटं बोलायचं, की बाबा रे, हे खरंखुरं मशीन आहे. २०२१ मध्ये कंपनीने ती अट काढली. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच! पैसे माझे, कार्ड माझं, घर माझं, आणि कार्डाने कुठे राबायचं ते ठरवणार दुसरंच कुणी.

"दुसरा मोकळा गट नाही का?" काका विचारत होते.

होता. वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला, त्याचा गट स्वतंत्र. खालचा चिपसेटवरून, म्हणजे बोर्डावरच्या सामाईक चिपवरून जातो, म्हणून तिथे डिस्क, यूएसबी, नेटवर्क अशी गर्दी. मोठं कार्ड मी खाली लावलं होतं. का, ते सांगायची माझी इच्छा नाही. पॉवरची केबल तिथे सहज पोचत होती.

काकांनी टॉर्च धरला, मी कार्डांची अदलाबदल केली. नव्या गटात दोनच नावं, कार्ड आणि त्याचा वारस. "पोटखराबासुद्धा नाही," काका खूश. पण विंडोज चालू केलं तर पडदा काळाच.

"सातबाऱ्यावर नाव आलं. ताबा कुणाकडे आहे?"

ताबा लिनक्सकडे होता. मशीन सुरू होताना पहिला पडदा वरच्या कार्डावर उमटतो आणि लिनक्स तो धरून बसतं.

"कुळ लागलंय! अहो, कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ ला जो जमीन कसत होता, तो..."

मी कर्नलच्या बूटच्या ओळीत भर घालून लिनक्सला तो पडदा धरूच नको म्हणून सांगितलं. बारा वाजून दहा मिनिटांनी विंडोज उमटलं. "फेरफार मंजूर," काका म्हणाले आणि बिलाची प्रिंट विसरून घरी गेले.

त्यांनी लिफ्टमधल्यांना जे सांगितलेलं नाही, कारण त्यांना माहीतच नाही, ते असं: बायकोने काल काम संपवून विंडोज बंद केलं आणि जेवून पुन्हा चालू केलं, तर कार्ड उठेना. काही कार्डांची ही खोड आहे. व्हर्च्युअल मशीन बंद झालं की ती नीट रीसेट होत नाहीत, अख्खं मशीन रीस्टार्ट करावं लागतं.

"म्हणजे रीस्टार्ट करायचं," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली.

संध्याकाळी बेल वाजली. काका.

"हरकत आली का काही? पंधरा दिवस मुदत असते बरं का." त्यांची मान माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे लांबली होती. "आणि ती बिलाची प्रिंट राहिली."

मी म्हणालो, प्रिंटर बंद आहे.