आमच्या रोलप्लेइंग खेळाच्या नियमपुस्तकाला दोन स्टार देणाऱ्या वाचकांना प्रकाशकाचं उत्तर

नमस्कार सर,

सर्वप्रथम, पुस्तकातल्या चुकांमुळे तुमच्या खेळाचा विचका झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवत खेळायच्या खेळाचं नियमपुस्तक बाराशे रुपये मोजून घ्यावं आणि त्यात ‘ताकदकट दरवाजा’ आणि ‘तुंताकद युद्ध’ वाचावं लागलं तर कुणीही वैतागेल. खरा पानक्रमांक नंतर घालायचा म्हणून लिहिलेलं ‘पान 00 पाहा’ तीन ठिकाणी तसंच राहिलंय, हेही मान्य.

पण ‘मुखपृष्ठाला सोन्याचा मुलामा आणि संपादनाला दमडी नाही’ असं तुम्ही जे लिहिलंय, ते गिळता येत नाही. संपादनाचे पैसे दिलेत, वेळेवर दिलेत. आमच्या संपादक बाईंनी संहिता दोनदा वाचली. पानं लागल्यावर मुद्रितशोधकांनी वेगळी वाचली. त्यांच्या हातातल्या प्रुफात एकही ‘ताकदकट’ नव्हतं, कारण त्या प्रुफात पात्रांना ‘ताकद’ हा गुणच नव्हता. त्याचं नाव होतं ‘बळ’.

मग शेवटच्या प्लेटेस्टला, म्हणजे छापण्याआधी खेळून बघतात तेव्हा, तक्रार आली की पात्रपत्रिकेवर (पात्राचे गुण लिहायच्या कागदावर) बळाच्या आणि बुद्धीच्या दोन्ही चौकटींत ‘ब’ येतो, वीस बाजूंचा फासा टाकल्यावर आलेला आकडा कशात मिळवायचा तेच कळत नाही. ही तक्रार तुमच्याच टेबलावरची, सर. रास्त होती म्हणून तर ऐकली. डीटीपीत, म्हणजे संगणकावर पानं लावताना, ‘बळ’च्या जागी ‘ताकद’ असं एका दणक्यात ‘रिप्लेस ऑल’ झालं आणि बळकट, तुंबळ, दुर्बळ सगळेच सापडले. म्हातारीच्या खांद्यावरचं कांबळंसुद्धा ‘कांताकदं’ झालं. बरं, बळ नपुंसकलिंगी आणि ताकद स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘तुमचं ताकद’ आणि ‘ताकदाची चाचणी’ पानोपानी. पुन्हा अख्खं प्रूफ वाचायचं तर प्रेसची तारीख जात होती, आणि ती गेली की पुढे दिवाळी अंकांची रांग. प्रेसवाले तेव्हा आमच्यासारख्यांचा फोनही उचलत नाहीत.

बदलानंतरची पीडीएफ पूर्वनोंदणी केलेल्या सगळ्यांना पाठवली होती, काही दिसलं तर कळवा म्हणून. तुमच्याकडून अंगठा आला. तुम्ही फुकटात प्रूफ वाचावं अशी अपेक्षा मुळीच नव्हती. फक्त नोंद करतोय.

समर्थन म्हणून सांगत नाही, पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा याच जातीचा प्रसिद्ध खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीच्या ‘एनसायक्लोपीडिया मॅजिका’ या पुस्तकात नव्वदच्या दशकात हेच झालं होतं. ‘मेज’ (mage, जादूगार) या शब्दाच्या जागी ‘विझर्ड’ घालताना ‘डॅमेज’चं ‘डाविझर्ड’ होऊन छापलं गेलं. आणि आमच्या ‘पान 00’सारख्याच ‘पान एक्सएक्स पाहा’साठी व्हाइट वुल्फ या खेळकंपनीची पुस्तकं इतकी गाजली की पेल्ग्रेन प्रेस या दुसऱ्या खेळ-प्रकाशकाने आपल्या वेब-मासिकाला तेच नाव देऊन टाकलं. ती पुस्तकं लोक अजून जपून ठेवतात. आम्हाला मात्र दोन स्टार.

आता मुलाम्याचं. फॉइलचा ठसा एकदाच करावा लागतो, प्रतीमागे खर्च किरकोळ येतो. खरा पैसा जातो जाड (130 जीएसएम) आर्ट पेपरात आणि शिलाईच्या बांधणीत. ही बांधणी का, तर पूर्वनोंदणीच्या वेळी आम्ही विचारलं होतं, साधी पेपरबॅक आठशेला की हार्डबाउंड बाराशेला? ‘रूलबुक टेबलावर सपाट उघडं राहिलं पाहिजे’ हे वाक्य तुमचंच आहे.

छपाईचा खर्च प्रतींप्रमाणे वाढतो. संपादनाचा तसा नसतो. शंभर छापा नाहीतर पाच हजार, बाईंना तेवढंच वाचावं लागतं. परदेशातली मोठी कंपनी तो खर्च हजारो प्रतींवर पसरवते, आम्ही छापल्या पाचशे. त्यात दुकानात ठेवलेल्या प्रतीवर चाळीस टक्के कमिशन. पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोक आमचं अभिनंदन करतात, पण त्यामुळेच कागद विकत घेताना भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही, तो आमच्याच अंगावर पडतो. पोस्टेजबद्दलही तुम्ही टोमणा मारलाय. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली. सव्वा किलोचं पुस्तक आता स्वस्तात जात नाही, आणि त्यात आम्हाला एक रुपया सुटत नाही.

सूची नाही ही तक्रार योग्य आहे. पुस्तक 224 पानांचं, म्हणजे सोळा पानांचे (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले) बरोबर चौदा फर्मे. सहा पानांची सूची घालायची तर निदान अर्धा फर्मा वाढतो, आणि पानं पक्की झाल्याशिवाय सूचीला हात लावता येत नाही. पानं कधी पक्की झाली ते वर सांगितलंच आहे.

शुद्धिपत्र करायला घेतलंय, झालं की सगळ्यांना मेल करू. सूचीचंही त्यातच जमतंय का बघतो. दुसरी आवृत्ती निघाली तर ती शेवटच्या बदलानंतर पुन्हा वाचूनच छापायला जाईल. पुस्तक परत करायचं असेल तर जरूर करा, पैसे मिळतील. फक्त पात्रपत्रिकांचा पॅड वापरला नसेल तर तोही सोबत पाठवावा.

एक विनंती आहे. तुम्ही टाकलेल्या फोटोंत पान 187 अख्खं दिसतंय. वरच्या ओळीतली ‘ताकदजबरी’ खुशाल दिसू दे, पण खालचा अर्धा भाग तेवढा झाकाल का? पुस्तकात खेळायला दिलेल्या कथेतला वाड्यातला खून कुणी केला ते तिथेच छापलंय, आणि तो खेळ अजून पुष्कळ जणांचा व्हायचाय.