एका रुपयात गावाचा वकील

प्रति पेशी, म्हणजे कोर्टातल्या दर तारखेला, एक रुपया! मध्य प्रदेशातल्या आमच्या नगर परिषदेने एका रुपयात गावाचा वकील नेमला. परवाच्या बैठकीत विषय आला, सीएमओंनी, म्हणजे मुख्य नगरपालिका अधिकाऱ्यांनी, दरांचं तुलनापत्रक वाचलं, अध्यक्षांनी "एल-वन कोण?", म्हणजे सर्वांत कमी दर कोणाचा, एवढंच विचारलं आणि सर्वानुमते मंजूर. त्याआधी स्वागतद्वाराला कोणता रंग द्यायचा यावरून पार्षद, म्हणजे नगरसेवक, अर्धा तास एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. गावाच्या जमिनी कोर्टात कोण वाचवणार, यावर मात्र एकानेही तोंड उघडलं नाही.

ते तुलनापत्रक मी मागून घेऊन पाहिलं. फर्मचं नाव, प्रति पेशी दर, जवाबदावा (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) तयार करण्याचा दर, टंकलेखन व झेरॉक्स. संपले रकाने. वकिली किती वर्षं केली, नगरपालिकेचे दावे कधी चालवलेत का, प्रकरण हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात गेलं तर तिथे कोण उभं राहणार, आणि मुख्य म्हणजे सध्या आणखी कोणाकोणाचं काम बघता, यातलं काहीच विचारलेलं नाही. झेरॉक्सला रकाना आहे!

बाबूला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, नियम है, एल-वन को ही देना पड़ता है." अरे, सिमेंट घेतानासुद्धा आधी ग्रेड बघता ना तुम्ही, दर मग बघता? एका रुपयात सरवटे बस स्टँडवरून आमच्या तहसिलीपर्यंत बसचं तिकीटही येत नाही. मग हा माणूस पेशीला येणार कसा? आणि आलाच, तर त्याचं पोट कोण भरणार? त्या सभागृहात बसलेल्या इतक्या लोकांपैकी एकालाही हा प्रश्न पडू नये?

मला पडला. रात्री ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर वकिलाचं नाव घालून शोधलं. मोबाईलवर, फुकट, कोणालाही शोधता येतं. आणि सापडलं. ज्या कॉलोनायझरने, म्हणजे वसाहत बांधणाऱ्या बिल्डरने, आमच्या बगीच्याच्या जागेवर स्टे आणलाय, त्याच्याच दुसऱ्या एका दाव्यात त्याच्या बाजूने वकील म्हणून याच फर्मच्या भागीदाराचं नाव. दावा चालू आहे, पुढची तारीख पडलेली आहे. म्हणजे एका कोर्टात त्याच्याकडून बोलायचं आणि दुसऱ्या कोर्टात गावाकडून त्याच्याविरुद्ध. बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की काम हाती घेतानाच पक्षकारांशी असलेले संबंध वकिलाने अशिलापुढे उघड करायचे. यांनी ते उघड केले का? आणि परिषदेने विचारले का? दोन्ही गोष्टी झालेल्या नाहीत, कारण तुलनापत्रकात त्याला जागाच नव्हती.

बगीच्याचं सांगते. मंजूर नकाशात ती जागा ठळक अक्षरांत "उद्यान" म्हणून आहे. कडुलिंबाखाली मुलांची घसरगुंडी होती, संध्याकाळी बायका बसायच्या. आता भोवती पत्रे ठोकलेत आणि वर बोर्ड: "न्यायालय का स्थगन, प्रवेश निषेध". हा स्टे कायद्याच्या जोरावर मिळालेला नाही. ऑर्डरशीटची नक्कल माझ्याकडे आहे. "प्रतिवादी की ओर से बार-बार पुकार के बाद भी कोई उपस्थित नहीं." गावाची जागा या एका ओळीत गेली. नोटीस परिषदेला मिळाली होती, आवक रजिस्टरमध्ये नोंद आहे. नस्ती, म्हणजे फाईल, टेबलावर पडून राहिली आणि त्या वेळचे वकील फिरकलेच नाहीत. जवाबदावा 30 दिवसांत द्यायचा असतो, कोर्टाने मुभा दिली तर 90. आम्ही एक कागदही दिला नाही.

शेजारच्या काकांनी इंदूरच्या जिल्हा कोर्टात जन्मभर मुन्शीगिरी केली. ते म्हणाले, "ताई, एकतर्फी झालं तरी सबळ कारण दाखवून परत उभं राहता येतं. स्टे उठवायचा अर्ज करता येतो. पण करणारा माणूस तर पाहिजे!" तोच तर नाही. आणि जो नेमलाय, तो कॉलोनायझरच्या विरुद्ध हा अर्ज किती जोर लावून चालवेल?

पैसे भरायला सांगताना हीच परिषद कशी जागी असते! लोक अदालत जवळ आली की चौकाचौकात बॅनर, जलकराच्या अधिभारात सूट, घरोघर नोटिसा, रिक्षावर भोंगा. आमच्याकडून वसुली करायची असली की कोर्टाची तारीख बरोबर पाठ असते. भाजी बाजारातल्या दुकानांच्या भाड्याचं प्रकरणही असंच सडलं. नाल्यावरच्या अतिक्रमणाचं तर कोणी नावच काढत नाही.

हे प्रति पेशीचं खूळ कोणाच्या डोक्यातून निघालं, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. पेशीवर पैसे दिले की तारीख वाढली तर वकिलाचा फायदा. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं लिहिलंय, पण मागणाराच आपला वकील असेल तर? आणि दर एक रुपया असेल तर तो येणारच नाही. दोन्हीकडून मरण गावाचंच. टप्प्याटप्प्याने फी ठरवा ना. जवाबदाव्याचे इतके, साक्षीपुराव्याचे इतके, अंतिम युक्तिवादाचे इतके, आणि दर महिन्याला कोणत्या दाव्यात काय झालं ते परिषदेपुढे लेखी. यात अवघड काय आहे?

शिवाय ही "फर्म" काय भानगड आहे? लेटरहेडवर इंदूरचा तुकोगंजचा पत्ता, खाली सात-आठ नावं. पण वकीलपत्रावर सही फर्म करत नाही, माणूस करतो. कोर्टात माणूस उभा राहतो. त्या सात-आठांतला कोण येणार? मागच्या वेळी मोठ्या नावाला भुलून काम दिलं आणि आला कोण, तर नुकतीच सनद मिळालेला मुलगा. त्याच्या हातात नकाशासुद्धा नव्हता. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला नकाशा न देता पाठवणाऱ्यांना देते.

सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की सरकारी वकिलांच्या नेमणुका मनमानी नसाव्यात, योग्यता पाहून, रीतसर व्हाव्यात. बरं, तो निकाल राज्य सरकारांबद्दलचा म्हणून बाजूला ठेवा. आपल्याच मध्य प्रदेश सरकारचं 2020 मधलं प्रकरण घ्या. 663 दिवस उशिराने अपील घेऊन गेले, तेव्हा सुप्रीम कोर्टाने 25,000 रुपयांचा भुर्दंड बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा म्हणून बजावलं. इतकं होऊनही आमच्या परिषदेत नोटिशीवर धूळ बसते, आणि ज्याच्या टेबलावर बसली त्याला कोणी जाब विचारत नाही.

पार्षदसाहेब, मतं मागायला तुम्ही याच बगीच्यात खुर्च्या टाकून बसला होतात. तुमच्या घरच्या जमिनीचा दावा असता तर एक रुपयावाला वकील केला असता का? इंदूरला जाऊन दहा जणांना विचारलं असतंत, त्याने जिंकलेले निकाल पाहिले असतेत, समोरच्या पार्टीशी त्याचं साटंलोटं नाही ना याची खात्री करून घेतली असतीत. गावाच्या जमिनीला एवढंही का नाही?

वकीलपत्रावर अजून सीएमओंची सही झालेली नाही, हे मी आज आवकजावक कक्षात जाऊन विचारून आले. ई-कोर्ट्सची पानं छापून अर्जासोबत दिली आहेत, पोचपावतीवर शिक्का घेतला आहे. सही व्हायच्या आत ठराव मागे घ्या आणि स्टे उठवण्याचा अर्ज येत्या पेशीला ज्याच्या हातून जाईल त्या वकिलाचं नाव, फर्मचं नव्हे, गावाला सांगा.