‘वेडिंग’ वेदीवरून आलेलं नाही

लग्नसराई आली की एक मेसेज फिरायला लागतो. इंग्रजी ‘वेड्’ (लग्न करणं) हे क्रियापद म्हणे संस्कृत ‘वेदी’वरून आलं, ‘वेडलॉक’ (विवाहबंधन) म्हणजे लग्नाचं कुलूप, आणि गोरे बायको विकत घ्यायचे म्हणून ‘वेड्’ म्हणजे मुळात खरेदी. (वेदी आणि खरेदी एकाच शब्दात कशी मावली, हे कुणी विचारत नाही.)

वेदीचं आधी बघू. संस्कृत ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ सापडतो: द्वि–टू, दश–टेन. इंग्रजीत ‘ड’ हवा असेल तर संस्कृतात ‘ध’ लागतो: मध्य–मिड, विधवा–विडो. ‘वेदी’त ‘द’ आहे, विषय मिटला. जुन्या इंग्रजीत ‘वेड्ड’ म्हणजे तारण, हमी. ‘वेड्डिअन’ म्हणजे हमी देणं. लॅटिनमधला जामीनदारासाठीचा आणि जर्मनमधला पैजेसाठीचा शब्द याच घरातले. मॉर्गेज (गहाण) या शब्दातला ‘गेज’ही इथलाच, फ्रेंचमार्गे आलेला.

कुलूपही नाही. ‘वेडलॉक’मधला ‘लॉक’ म्हणजे मूळचा ‘लाक’, नामं घडवणारा जुना प्रत्यय. तो लागलेले लढाईचे, लुटीचे शब्द लोपले, हा एकच उरला, आणि लोकांना त्यात कुलूप दिसू लागलं.

खरेदीचा मुद्दा मात्र झटकता येत नाही. इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ.स. 600च्या सुमाराच्या कायद्यात मुलगी विकत घेण्याचं कलम सरळ आहे. पण तिथलं क्रियापद आजच्या ‘बाय’चं पूर्वज आहे, ‘वेड्’चं नव्हे. ‘वेड्’ची पद्धत कळते ती इ.स. 1000च्या आसपासच्या एका लेखातून. मुलीला आणि तिच्या माणसांना पसंत असेल, तर नवऱ्याने आधी तिला नीट नांदवण्याची हमी द्यायची आणि त्याच्या मित्रांनी जामीन राहायचं. मग तिच्या पालनपोषणाचा मोबदला कुणाला, होकाराबद्दल तिला स्वतःला काय, हे ठरायचं. तो आधी गेला तर निम्मी मालमत्ता तिची. मूल असेल तर सगळी, पुन्हा लग्न केलं नाही तोवर. आपल्याकडे याद्या करतात तसंच हे.

11व्या शतकात इंग्लंडचा राजा क्नूट याने बाईला नावडत्या पुरुषाला देऊ नये, पैशासाठी विकू नये, असं कायद्यातच घातलं. अर्थात तसं घडत असल्याशिवाय कुणी मनाईचं कलम लिहीत नाही.