चारचौघांत वजन

एकट्यानं डाएट करण्यात एक मोठी सोय असते. ते मोडलं तर कुणाला कळत नाही. गटात नेमकी तीच सोय काढून घेतात. मला विचाराल तर सगळा कार्यक्रम या एका गोष्टीवर चालतो, बाकी मुगाची उसळ निमित्ताला.

युक्ती मूळची न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीची. दवाखान्यानं दिलेलं डाएट चालू असताना बाई चोरून बिस्किटं खायच्या. शेवटी १९६१ मध्ये त्यांनी मैत्रिणींना घरी बोलावून हे सांगून टाकलं, तर मैत्रिणींचीही तीच कथा. त्यातून १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. आमच्या सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये हेच दर रविवारी सकाळी चालतं. फी सौभाग्यवतींनी परस्पर भरली होती, आणि भरलेली फी बुडवणं आमच्या घराण्यात नाही.

आधी काट्याला रांग. चपला काढणं समजू शकतो, पण इथे पट्टा, घड्याळ, पाकीट, किल्ल्या सगळं उतरतं. बँकेतून रिटायर झालेले एक काका कवळीसुद्धा काढून रुमालात गुंडाळतात. मग ते 'किती भरलं?' विचारतात आणि कुणालाच काही कळत नाही. एक काकू श्वास पूर्ण सोडून काट्यावर चढतात. हवेला वजन असतं या शालेय ज्ञानाचा इतका उपयोग दुसऱ्या कुणी केलेला मी पाहिला नाही.

दोनशे ग्रॅम उतरले तरी टाळ्या. मी बीकॉम झालो तेव्हा वाजल्या नव्हत्या. वजन वाढलं तर गट चालवणाऱ्या ताई ओरडत नाहीत, "काय झालं हो या आठवड्यात?" एवढंच मायेनं विचारतात. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. मग बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा अशी कारणं निघतात. आमच्या गटाइतकी शुभकार्यं पंचांगातही नसतील.

पहिल्याच आठवड्यात माझे दोन किलो गेले. मी कॉलर ताठ करतोय तोवर ताईंनी सांगितलं, की शरीर ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेच्या, दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं आणि खाणं कमी केलं की आधी ते पाणी जातं. पुढे आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून जास्त हाव नको. म्हणजे गेलं ते बहुतेक पाणीच. कृष्णाकाठी पाण्याचं काय कौतुक!

घास घेण्याआधी ताटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. अर्धं ताट भाज्या, पाव धान्य, पाव डाळ-उसळ किंवा अंडी. ती ताटं पाहून वाटावं, सांगली जिल्हा काकडीवर जगतो. भडंग एकाही फोटोत नाही. सांगलीत!

ताईंना हे खटकलं असावं. एका रविवारी त्या भडंगाचं पाकीट, वाट्या आणि स्वयंपाकघरातला छोटा काटा घेऊन आल्या. चुरमुरे हलके म्हणून आपण परातभर खातो, पण तेल आणि शेंगदाणे त्यात असतातच, आणि तेलाच्या ग्रॅमला नऊ कॅलरी. "घरी घेता तेवढं घ्या," म्हणाल्या. सगळे बघत असताना कोण घेणार? काकूंनी चिमूटभर घेतलं, काकांनी दाणे वेचून बाजूला ठेवले. मी तर वाटीचा तळ जेमतेम झाकला. ताईंनी एकेक वाटी तोलली, वहीत आकडे लिहिले आणि शांतपणे जाहीर केलं, "छान. आजपासून प्रत्येकाचं हेच माप."

आता थंडी पडलीय, आणि काकांच्या शेतावर हुरड्याचं निमंत्रण आहे. काकांनी हात वर करून विचारलं, "ताई, ज्वारी कोवळी असते, तर हुरडा भाजीत धरायचा का?"

"धान्यात."

"आणि शेंगदाण्याची चटणी?"

ताईंनी नुसतं पाहिलं. हुरडा रविवारचा, म्हणून त्या आठवड्यापुरतं वजन आदल्या दिवशी करावं, असा ठराव काकूंनी मांडला. तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

"करू की शनिवारी," ताई वही मिटत म्हणाल्या. "पण हुरड्याला मीही येणार. काटा घेऊन."