रोमन लोकांना हसण्यापूर्वी

एका स्नेह्यांनी आग्रहाने पाठवलेले व्याख्यान आज ऐकले आणि तेव्हापासून डोके तापले आहे. विषय प्राचीन रोमन लोकांच्या धर्मश्रद्धांचा; वक्त्यांनी मात्र सारा वेळ पवित्र कोंबड्यांवर, म्हणजे ज्यांनी दाणे टिपले तर शुभ आणि नाही टिपले तर अशुभ शकुन मानला जाई त्यांच्यावर, हशा पिकवण्यात घालवला. इ.स.पू. २४९ मध्ये ड्रेपानाच्या आरमारी लढाईपूर्वी कोंबड्या दाणे टिपेनात, म्हणून सेनापती क्लॉडियस पुल्खर याने ‘खात नाहीत, तर पिऊ द्या’ असे म्हणून त्यांना समुद्रात फेकले आणि तो हरला, हीच ती गोष्ट. रोमची ९३ जहाजे शत्रूच्या हाती लागली हे खरे. परंतु या लढाईचे तपशीलवार वर्णन करणारा प्राचीन इतिहासकार पॉलिबियस कोंबड्यांचे नावही काढत नाही, हे सांगायला वक्त्यांना सवड झाली नाही.

मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना बाथ येथील रोमन स्नानगृहे पाहिली होती. तेथील गरम पाण्याच्या कुंडात शिशाचे सुमारे १३० पातळ पत्रे सापडले असून त्यांवर सुलिस मिनर्वा देवीला उद्देशून बहुतांशी चोरांना दिलेले शाप कोरले आहेत. डॉकिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत, असे त्याचे मागणे! ‘बाबा, हातमोज्यांसाठी डोळे?’ असे मुलीने विचारले. शिक्षा जरा जास्तच आहे, हे कबूल. पण गरिबाची चोरी शोधून देणारे दुसरे होते तरी कोण? ओरखड्यांसारखी ती अक्षरे पाहून मला तरी हसू आले नाही.

मे महिन्यातील लेमुरियाच्या, म्हणजे मृतात्म्यांना घराबाहेर घालवण्याच्या रोमन सणाच्या रात्रीही अशाच. घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठतो, मागे वळून न पाहता काळ्या शेंगांचे दाणे पाठीमागे टाकत ‘यांनी मी माझी आणि माझ्या माणसांची सुटका करतो’ असे नऊ वेळा म्हणतो आणि शेवटी काशाचे भांडे वाजवून पितरांना निरोप देतो. पितृपक्षात पान वाढणाऱ्या आपल्याला तरी हे परके वाटू नये.

बळी दिलेल्या मेंढीच्या यकृतावरून शकुन पाहून राज्यकारभार करणे शहाणपणाचे नव्हते, एवढे मान्य करतो आणि पुढे जातो.

खरा संताप येतो तो वरच्या मंडळींचा. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरचे कायदे अडवण्यासाठी त्याच्याच बरोबरीचा कॉन्सल (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) बिबुलस घरात बसून राहिला आणि ‘मी आकाशातले शकुन पाहत आहे’ असे रोज कळवत राहिला, कारण तेवढ्याने सभेचे कामकाज सदोष ठरवता येत होते. डॉकिमेडिसने निदान हवे ते देवीकडे सरळ मागितले. रोमन राजकारणी व लेखक सिसरो तर स्वतः शकुन पाहणाऱ्या अधिकृत मंडळाचा सभासद, त्याने इ.स.पू. ४४ मध्ये ग्रंथ लिहून शकुनविद्येचे वाभाडे काढले आणि त्याच ग्रंथात, लोकमतासाठी व राज्याच्या हितासाठी हे मंडळ टिकले पाहिजे, असेही लिहून ठेवले. व्याख्यानात त्याचा उल्लेख ‘विवेकवादी’ असा झाला, आणि त्यावर टाळ्याही पडल्या.