चहापाण्याचा रकाना नाही

तासगावची मुलगी लग्न करून कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोला आली म्हणजे तिने फार मोठी झेप घेतली, असं काही नाही. तिथेही थॉमसन सीडलेस, इथेही थॉमसन सीडलेस. तिथे बेदाणा शेडमध्ये जाळीवर सुकतो, इथे वेलींच्या दोन ओळींमध्ये कागद अंथरून उन्हात सुकतो. बेदाणा वाळत असताना आभाळात ढग दिसला की दोन्हीकडचा शेतकरी एकच शिवी देतो, फक्त भाषा वेगळी. फरक आहे तो पुढे. तिथे काम अडलं की माणूस तलाठ्याकडे जातो आणि तलाठी जागेवर नसतो. इथे तलाठीच नाही. संकेतस्थळ आहे, ते चोवीस तास जागेवर असतं, आणि काम तरीही अडतं.

माझी बी.कॉम. अमेरिकेत कुणालाच नको होती. अपवाद एका संस्थेचा. संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली, एक प्रिंटर, एक पगारी माणूस आणि संचालक मंडळ नावाची काही मंडळी, ज्यांतली निम्मी झूमवर कायम म्यूट. काम मात्र सोन्यासारखं. फ्रेस्नोच्या आसपास दोन-चार एकर भाड्याने घेऊन भाजी पिकवणाऱ्या ह्मोंग (लाओसमधून आलेला समाज) आणि मेक्सिकन शेतकऱ्यांना सरकारी योजनांच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं. मी फावल्या वेळात त्यांचे हिशेब बघायचे. एका बैठकीत अध्यक्षांनी (निवृत्त शाळामास्तर आहेत, मी मनातल्या मनात त्यांना गुरुजी म्हणते) जाहीर केलं की आपण यंदा २५०१ ला अर्ज करायचा. कुणीतरी विचारलं, लिहिणार कोण? म्यूट असलेल्यांनी कॅमेरेही बंद केले. मी तेव्हा चहाचा घोट घेत होते आणि माझा माइक सुरू होता. भुरका सगळ्यांना ऐकू गेला. ठरलं.

२५०१ हे अमेरिकेच्या १९९० सालच्या शेती कायद्यातलं कलम. शेती खात्याच्या योजना ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत अशा शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना शोधून काढा, त्यांना समजावून सांगा, कागदपत्रांत मदत करा. हे करणाऱ्या संस्थांना अनुदान देऊ, असं हे कलम म्हणतं. २०१४ पासून त्यात माजी सैनिक शेतकरीही आले. कलम उगीच आलेलं नाही. हे खातं १८६२ साली लिंकनच्या काळात निघालं आणि लिंकन त्याला ‘जनतेचं खातं’ म्हणायचा. पण त्या जनतेतल्या बऱ्याच जणांना काउंटरवर उभंच केलं जात नसे. १९२० साली अमेरिकेतल्या दर सात शेतकऱ्यांत एक कृष्णवर्णीय होता. पुढे त्यांची संख्या घसरत गेली, आणि कर्जाचे अर्ज दाबून ठेवणं, हंगाम उलटल्यावर मंजूर करणं हे त्यामागचं एक कारण होतं. पिगफर्ड नावाच्या शेतकऱ्याचं नाव लागलेल्या खटल्यात १९९९ साली तडजोड झाली आणि सरकारला एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली.

एवढा इतिहास मी आप्पांना फोनवर सांगितला. आप्पा तासगावात द्राक्षं करतात आणि पीएम किसानच्या ई-केवायसीला बोटाचे ठसे उमटत नाहीत म्हणून दर वेळी मशीनवाल्याशी भांडतात. उभा जन्म खुरपं धरलेल्या बोटांवर रेघा राहतील कुठून?

“म्हंजे अर्ज करून ज्यांचं कधी भलं झालं न्हाई, त्यांच्यासाठी पैसं हाईत,” आप्पा म्हणाले. “आन ते मिळवायचं कसं?”

“अर्ज करून, आप्पा.”

पलीकडे बराच वेळ फक्त मोटारीचा आवाज येत होता.

तर अर्ज. अर्ज करायला आधी अर्ज करण्याच्या लायकीचं व्हावं लागतं. त्यासाठी सॅम. हा गृहस्थ नव्हे. केंद्र सरकारकडून पैसे घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेला जिथे नाव नोंदवावं लागतं ते दफ्तर. नोंदणी झाली की बारा अक्षर-आकड्यांचा एक ओळख क्रमांक मिळतो. एप्रिल २०२२ पर्यंत दुसराच नऊ आकडी क्रमांक चालायचा, तो गुरुजींना तोंडपाठ होता, आणि अजूनही ते तो कुणी न विचारता म्हणून दाखवतात. नोंदणी दर वर्षी नव्याने करायची. विसरलात तर संस्था सरकारच्या लेखी संपली, मग तुम्ही खालच्या मजल्यावर टायरवाल्याशी गप्पा मारत उभे का असेनात.

नोंदणीत संस्थेचं नाव आणि पत्ता कागदोपत्री हुबेहूब जुळावा लागतो. आमच्या संस्थापकांनी हौसेने नाव ठेवलं, पण एकदाच ठेवलं नाही. करखात्याच्या पत्रात नावापुढे स्वल्पविराम आणि ‘इन्क.’, बँकेत स्वल्पविराम नाही, राज्याच्या नोंदीत ‘अँड’ अक्षरांत, लेटरहेडवर चिन्हात. पत्ता टपालपेटीचा, आणि टपालपेटी पत्ता म्हणून चालत नाही, भिंती असलेली जागा लागते. भिंती होत्या, पण भाडेपट्टा टायरवाल्याच्या मेव्हण्याच्या नावे. मला सातबाऱ्यावरचे आमचे चुलत आजोबा आठवले. ते वारून जमाना झाला, पण प्रत्येक कर्जाच्या वेळी त्यांची सही लागते.

स्वल्पविराम मार्गी लावून मी मुख्य अर्जाकडे वळले. एसएफ-४२४ हा त्याचा मुखडा, ४२४-ए हे अंदाजपत्रक, मग प्रकल्पाची कथा, मग सहकार्याची पत्रं, मग आम्ही कुणा खासदाराला पैसे देऊन काम करून घेत नाही याची कबुली. (आमच्या बँकेतली शिल्लक पाहून खासदारालाच दया आली असती.) सरकारी फॉर्मवर एका कोपऱ्यात तो भरायला सरासरी किती मिनिटं लागतात याचा अंदाज छापलेला असतो. कागदी ओझं कमी करण्यासाठी १९८० साली झालेल्या कायद्याचा हा परिणाम. ओझं किती कमी झालं माहीत नाही, पण त्यावर छापायला एक परिच्छेद वाढला.

कथेचा भाग मला सोपा वाटला होता, कारण कथा बाजारात भेटत होती. शनिवारच्या बाजारात एका ह्मोंग आजींकडून मी कारली, गवती चहा आणि शेवगा घेते. लाओसमधल्या युद्धात त्यांच्या लोकांनी अमेरिकेची बाजू घेतली, १९७५ नंतर देश सोडावा लागला, छावण्यांमधून त्या इथे आल्या. चार एकर भाड्याने करतात. भाडेकरार तोंडी. आता शेती खात्याच्या बहुतेक योजनांना आधी शेत-क्रमांक लागतो, आणि क्रमांकाला जमीन तुमच्या ताब्यात असल्याचा कागद लागतो. जमीनमालकाने कागदाला नकार दिलेला नाही. आजींनी तो कधी मागितला नाही, कारण भाडं वेळेवर देणाऱ्या माणसाने कागद मागणं त्यांना अपमानाचं वाटतं. आप्पांनाही तसंच वाटतं.

मुळात शेत कशाला म्हणायचं, तेही खात्याने ठरवून ठेवलंय. वर्षात एक हजार डॉलरचा शेतमाल विकला, किंवा एरवी विकला गेला असता, अशी कुठलीही जागा म्हणजे शेत. ‘विकला गेला असता’ हे वाचून आप्पा भलतेच खूश झाले. त्या हिशेबाने आमची बाग गेली कित्येक वर्षं अमेरिकन सरकारच्या लेखी जोरात चालली आहे.

मग ‘पोहोचणार कसं?’ हा प्रश्न. मी लिहिलं, रेडिओवरून आणि बाजारात जाऊन. ह्मोंग भाषेची आज चालणारी रोमन लिपी १९५० च्या दशकात मिशनऱ्यांनी बसवली, आणि आजींच्या वयाच्या बऱ्याच जणांना ती वाचता येत नाही. फ्रेस्नोत विद्यापीठाच्या विस्तार सेवेने म्हणूनच ह्मोंग भाषेत शेतीचा रेडिओ कार्यक्रम चालवला आणि लोकांनी तो शेतात काम करता करता ऐकला. पण संचालक मंडळातल्या एका तरुणाला ॲप हवं होतं. मी त्याला २०२२ ची शेती जनगणना दाखवली. देशातल्या शेतकऱ्यांचं सरासरी वय ५८.१ वर्षं, आणि इंटरनेट असलेली शेतं ७९ टक्के. तो म्हणाला, बघा, ७९ टक्के! उरलेले २१ टक्के हेच आपले लोक, हे त्याला समजावताना माझा चहा गार झाला. शेवटी तडजोड झाली. रेडिओ राहिला आणि ॲप ‘भविष्यातील टप्पा’ या परिच्छेदात गेलं, जिथे सगळ्या संस्थांची सगळी ॲप्स असतात.

अंदाजपत्रकात खरी जुंपली ती खाण्यावरून. माझा अनुभव सांगतो की शेतकऱ्यांची सभा जेवणाशिवाय होत नाही. तासगावात द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्याला निम्मी गर्दी तज्ज्ञांसाठी आणि पूर्ण गर्दी मसालेभातासाठी असते. ह्मोंग घरात तर दारी आलेल्याला ‘जेवून जा’ म्हणतातच. मी प्रत्येक सभेला भात, चिकन आणि पपईची कोशिंबीर धरली. गुरुजी दचकले. सरकारी अनुदानात खाण्यापिण्याचा खर्च दाखवला की भिंगातून तपासतात म्हणाले, आणि करमणुकीचा खर्च तर नियमानेच बसत नाही. मी विचारलं, कर्जाच्या फॉर्मवर दोन तास बोलणार आहोत, यात करमणूक कुणाची? तरी त्यांनी ती ओळ खोडलीच. त्याऐवजी ‘सभेचे साहित्य’ धरलं, त्यात फाइली, पेनं आणि एक फळा. उपाशीपोटी पेन घ्यायला कोण येणार, यासाठी रकाना नव्हता.

मग लॉजिक मॉडेल, म्हणजे पैशातून फळ कसं निघणार ते दाखवणारी आकृती. डावीकडे पैसा, मग बाण, मग सभा, मग बाण, मग शेतकऱ्यांचं ज्ञान वाढलं, मग बाण, मग समृद्धी. नवरा सॉफ्टवेअरवाला असल्याने बाण काढायला त्याला बसवलं. त्याने बाण इतके देखणे काढले की समृद्धी अपरिहार्य वाटू लागली. त्यात पाऊस नाही, दर पडणं नाही, टँकर नाही, मालकाने पुढच्या वर्षी जमीन बदामवाल्याला देणं नाही. आप्पांना व्हॉट्सॲपवर पाठवलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “ह्यो बाण उलटा फिरला तर?”

“आणि पैसे मिळाल्यावर नेमकं करणार काय?” त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं.

“लोकांना फॉर्म भरायला शिकवणार. शेत-क्रमांकाचा, कर्जाचा, ठिबकच्या अनुदानाचा.”

“म्हंजे फॉर्म भरायला शिकवायला फॉर्म.”

“हो.”

“मग त्यो फॉर्म भरायला तुला कुणी शिकवलं?”

त्यासाठी वेबिनार असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. वय झालंय त्यांचं.

शेवटच्या दिवशी मुदत होती रात्री अकरा एकोणसाठ. पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने. म्हणजे आमचे आठ एकोणसाठ, ऐन कुकरच्या शिट्टीची वेळ. जोडलेल्या फाइलींची नावं आखूड हवीत आणि त्यांत वेडीवाकडी चिन्हं नकोत, अशी सूचना होती. गुरुजींच्या फायलीचं नाव होतं ‘शेवटची-खरोखर शेवटची (मंगळवार)!’. उद्गारचिन्ह काढायचं कुणी, यावर दोन संचालकांचं दुमत झालं. ज्यांना अर्ज पाठवायचा अधिकार ते गुरुजी नातवाच्या बेसबॉलला गेले होते. त्यांनी मैदानाबाहेर गाडीत बसून बटण दाबलं. त्याच क्षणी कुणीतरी होमरन मारला असावा, कारण आमचा अर्ज गेला तेव्हा मागे शेकडो लोक टाळ्या वाजवत होते. एवढं कौतुक त्या अर्जाचं पुन्हा झालं नाही.

अनुदान मिळालं नाही. आमच्या रांगेत देशभरातली विद्यापीठं होती, आदिवासी कॉलेजं होती, आणि विद्यापीठांकडे फक्त अर्ज लिहिणारा अख्खा विभाग असतो. आमच्याकडे माझा माइक होता. पुढे जुलै २०२५ मध्ये खात्याने वंश आणि लिंग पाहून ठरणारा ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ हा निकषच आपल्या कार्यक्रमांतून काढून टाकला. आमच्या कथेत तो शब्दप्रयोग जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात होता. गुरुजी म्हणाले, नव्याने लिहू. त्या दिवशी मी बैठकीला कॅमेरा बंद ठेवून बसले आणि चहा आधीच पिऊन घेतला होता.

पण बाजारात एक झालं. कारली घ्यायला येणारी बाई फॉर्म भरून देते, ही बातमी गाळ्यागाळ्यांतून फिरली. आजींनी आधी भाडेकराराचा कागद आणला. मालकाने हसत सही केली होती, नात दुभाषी. मग शेत-क्रमांक झाला. मग शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी मुलीचा कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म आणला, कुणी गाडीच्या नोंदणीचा, कुणी औषधांच्या विम्याचा. आता शनिवारी मी पिशवीत पेन आणि चष्मा घेऊनच जाते. पैसे कुणी विचारत नाही आणि मीही काढत नाही, पण घरी येताना पिशवीत विकत न घेतलेली भाजी निघते. गेल्या आठवड्यात शेवग्याच्या शेंगांचा एवढा मोठा भारा होता की नवरा दारातच म्हणाला, आज आमटी.

“थांब,” मी म्हटलं, “आधी वजन करू दे. हे वस्तुरूप योगदान आहे, त्याची बाजारभावाने नोंद व्हायला हवी.”

तो काही न बोलता वजनकाटा घेऊन आला. शेंगा काट्यावर मावेनात, म्हणून आम्ही त्या मोडल्या, आणि मोडलेल्या शेंगांचा बाजारभाव कुठल्या ओळीत धरायचा यावर गुरुजींना फोन लावला.