खुलासा: ‘पॅकेज नाही तर वॉरंटी नाही’ हे खरं नाही

सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: नव्या गाडीबरोबर आगाऊ पैसे भरून मेंटेनन्स पॅकेज घेतलं नाही तर वॉरंटी जाते, आणि घेतलं की पाच वर्षं खिशात हात घालायला नको. दोन्ही चूक.

वॉरंटीसाठी सर्व्हिस ठरल्या वेळी झालेली हवी आणि तिची नोंद हवी. पैसे आधी भरले की त्याच दिवशी, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे जादा पैसे भरून वाढवून घेतलेली वॉरंटीची मुदत, ही तर वेगळीच वस्तू. कोटेशनवर ती आणि पॅकेज शेजारी-शेजारी छापतात, म्हणून हा घोळ.

मुलुंडच्या माझ्या भाचीच्या पॅकेजचा कागद परवा नीट वाचला. ऑइल, फिल्टर, मजुरी आत. क्लच, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी बाहेर, तेही शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत. आता पूर्व द्रुतगती मार्गावर रोज संध्याकाळी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचं आधी काय झिजणार? क्लचच ना! काही महाग पॅकेजं हेही धरतात, पण तसं लेखी हवं.

शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या पहिल्या काही सर्व्हिसची मजुरी मुळातच फुकट असते. ती पॅकेजात पुन्हा मोजलीय का, असं भाचीनं विचारलं, तर सेल्समनने आधी चहा मागवला.

पॅकेज वाईटच असं नाही. दर वाढले तरी आपला आकडा तोच राहतो. पण गाडी लवकर विकायची असेल तर उरलेल्या सर्व्हिस नव्या मालकाला मिळतात का, तेवढं सहीआधी लिहून घ्या.